मास्तरांचं कुलूप

सकाळी सहाला सुपरवायझरचा फोन आला तेव्हा वादळच्या तोंडात ब्रश होता. तसाच तो "हं, बोला" म्हणाला. पलीकडून साहेब म्हणाले, "मास्तर गेले रे. काल संध्याकाळी. बाजाराच्या बसस्टॉपवर बसल्या बसल्या."

आणि वादळ चक्क हसला. हो, हसला! तोंडातला फेस आरशावर उडाला. "काय साहेब, चेष्टेला सकाळी सकाळी मीच सापडलो का?" असंही म्हणाला वर. हा माणूस जन्मात कुणाची चेष्टा करत नाही, हे वादळला जरा उशिराच आठवलं. त्याने बेसिन घट्ट धरलं, हळूहळू खाली बसला, आणि काय झालं म्हणून बायको धावत आली तर तिला म्हणाला, "डबा दोघांचा भर गं."

आता यात विशेष काही नव्हतं. डबा रोज दोघांचाच असायचा, कारण मास्तरांना त्यांच्या घरचं कमी तिखट जेवण नको व्हायचं आणि ते वादळच्या डब्यात हात घालायचे. बिचारीने भरला. बूट घालताना वादळने तिला सांगितलं तेव्हा ती मटकन खाली बसली, आणि तो मात्र डबा घेऊन निघाला. डोक्यात काही शिरतच नव्हतं. काल पाचपर्यंत शेजारी उभा असलेला माणूस असा कसा जाईल? काल तर सर्दीसुद्धा नव्हती त्यांना!

वादळ हे काही त्याचं खरं नाव नव्हे. मास्तरांनीच ठेवलेलं. "हा जिना उतरतो की जिन्यावरून कोसळतो?" असं पहिल्या दिवशी म्हणाले, आणि तेव्हापासून कंपनीत सगळे त्याला वादळ म्हणू लागले. मास्तरही काही शाळेत शिकवत नव्हते. ते मोजायचे. पायऱ्या मोजायचे, स्क्रू मोजायचे, बसमधली माणसं मोजायचे. म्हणून मोजणीमास्तर, आणि पुढे नुसतेच मास्तर. दोघे लिफ्ट दुरुस्त करायचे. अकरा वर्षांची जोडी. बायकोबरोबर झाली नसतील तेवढी भांडणं वादळची मास्तरांबरोबर झाली होती, आणि सगळी एकाच गोष्टीवरून. मोजण्यावरून.

त्यातही मोठं भांडण वायरींचं. हे जरा समजून घ्यायला हवं. लिफ्टचं दार नीट बंद झाल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. पण दुरुस्ती करताना कधी कधी दार उघडं ठेवून लिफ्ट हलवून बघावी लागते. मग वरच्या मशीनच्या खोलीत जे लोखंडी कपाट असतं, म्हणजे पॅनेल, त्यात दोन टोकांना हातभर वायर लावतात. लिफ्टला वाटतं दार बंद आहे. तिला फसवायचं, दुसरं काय! काम झालं की वायर काढायची. ती आत राहिली तर लिफ्ट आंधळी. वरवर काहीच कळत नाही, दारं उघडतात, मिटतात, सगळं ठीक. पण एखाद्या दिवशी दार अडकून उघडं राहिलं, तर ती तशीच निघणार, मग दारात कुणाचा पाय असो की कुणाचं लेकरू.

म्हणून मास्तरांच्या पिशवीत पाच पिवळ्या वायरी. कमी नाही, जास्त नाही. ज्याने लावली त्यानेच काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. संध्याकाळी पिशवी बंद करण्याआधी मास्तर विचारणार, "किती?" आणि वादळने एक-एक मोजून मोठ्याने सांगायचं, "पाच." अकरा वर्षं, रोज. कधी कधी वादळ वैतागायचा. "अहो मास्तर, वायरी आहेत, कोंबडीची पिल्लं नाहीत, कुठे जाणार पळून?" मास्तर ढिम्म. "किती?"

कालही विचारलं होतं. काल वादळच्या घरी मेहुणी आणि साडू यायचे होते आणि "आज उशीर केलात तर बघा" अशी घरून सकाळीच तंबी मिळाली होती. मास्तर खाली लिफ्टच्या दाराशी होते, वादळ वर. घाईघाईने सगळं पिशवीत कोंबून तो खाली आला. "किती?" मास्तर म्हणाले. "पाच," वादळ म्हणाला, पिशवी त्यांच्या हातात दिली आणि पळाला. म्हणजे बघा, अकरा वर्षं दोघे बोलत होते, आणि त्यातला शेवटचा शब्द काय, तर पाच! बसमध्ये हे आठवून वादळला पुन्हा हसू येऊ लागलं आणि शेजारचा माणूस सरकून बसला.

मास्तरांच्या घरी चार-पाच शेजारणी बसल्या होत्या. मास्तर अजून हॉस्पिटलमध्येच होते. लेक लांबून निघाली होती, ती उद्या पोचणार, मग पुढचं. वहिनी जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत ताठ बसल्या होत्या. डोळे कोरडे. टेबलावर मास्तरांची कामाची पिशवी उघडी, पक्कड, टेस्टर, वायरी सगळं बाहेर पसरलेलं. शेजारी एक कप, त्यात अर्धा चहा, वर साय धरलेली. एक शेजारीण तो उचलायला गेली तर वहिनी कडाडल्या, "त्याला हात लावू नका!"

वादळला बघून त्या म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला फोन केला होता का त्यांनी काल?"

वादळने फोन काढून दाखवला. एकही मिस्ड कॉल नव्हता. त्याने रस्त्यात दहा वेळा बघितलं होतं.

"मग कुठे गेले होते हो?" वहिनी म्हणाल्या. "पावणेसहाला आले. मी चहा दिला. चहा घेता घेता पिशवी उघडून हा पसारा मांडला. माझं डोकं फिरलं. म्हटलं, घरी आल्यावर तरी ते भंगार सोडा, त्या वायरींशीच लग्न करायचं होतं! असं म्हटलं मी. काही बोलले नाहीत. अर्धा चहा ठेवला, उठले, आलोच म्हणाले आणि गेले. आले नाहीत." त्या वादळकडे बघतच राहिल्या. "माझ्यावर रागावून गेले का हो ते?"

"छे छे, वहिनी! मास्तर आणि राग?"

"मग अर्धा चहा का ठेवला? तीस वर्षांत कधी ठेवला नाही. तुम्ही त्यांचे जोडीदार. तुम्हाला माहीत असेल तर सांगा, नाहीतर शोधून काढा. मला एवढंच हवंय. नाहीतर मी हे डोक्यात घेऊन जगायचं कसं?"

वादळने फोन खिशात ठेवला. काय सांगणार? त्याला खरंच काही माहीत नव्हतं. तेवढ्यात सुपरवायझरचा फोन आला. काल ज्या इमारतीत काम केलं, तिथली लिफ्ट काल संध्याकाळपासून बंद होती. सोसायटीचे सेक्रेटरी सकाळपासून फोन करून करून डोकं खात होते. "वर मेन स्विचला मास्तरांचं कुलूप आहे," साहेब म्हणाले. "विसरले असतील काढायला. तू ये, तोडून टाकू."

विसरले? मास्तर?

कुलपाचंही सांगायला हवं. काम करताना लिफ्टचा मेन स्विच बंद करून त्याला आपलं स्वतःचं कुलूप घालायचं, म्हणजे आपण आत असताना कुणी चुकून लिफ्ट चालू करायला नको. कुलपाला चिठ्ठी लावायची, नाव, तारीख, वेळ. ज्याचं कुलूप त्याचीच किल्ली आणि त्यानेच काढायचं. मास्तरांची किल्ली कायम गळ्यात दोरीला असायची. ती आता हॉस्पिटलच्या पाकिटात, त्यांच्या घड्याळाबरोबर. काल शेवटी लिफ्ट चालवून बघण्याआधी दोघांनी वरच आपापली कुलपं काढली होती, हे वादळला पक्कं आठवत होतं. मास्तरांनी कुलूप खिशात टाकून वर थोपटलं होतं आणि मग ते खाली गेले होते. मग ते पुन्हा तिथे गेलं कसं?

इमारतीच्या दारात साहेब उभे होते, हातात लांब दांड्याचा कटर. वादळच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला, मग म्हणाले, "चल. सेक्रेटरींनी जीव खाल्लाय. एक वाजता सहाव्या मजल्यावरच्या आजोबांना हॉस्पिटलला न्यायचंय, चाकाच्या खुर्चीवरून. कुलूप तोडू आणि मोकळे होऊ."

सात मजले पायी. वर गच्चीवर जायला आणखी एक जिना. तिसऱ्या मजल्यावर साहेबांना धाप लागली आणि ते टेकले. वादळ पुढे गेला. सातव्या मजल्यावरच्या आजी दार उघडं ठेवून बसल्या होत्या. काल दिवसभर काम चालू असताना त्यांनी दोनदा बिस्किटं आणून दिली होती.

"आलात का?" आजी म्हणाल्या. "ते मोठे कुठेत? बरे आहेत ना आता?"

वादळ थांबला. "बरे म्हणजे?"

"अहो, काल संध्याकाळी पुन्हा आले होते की! सात वाजत आले असतील. जिन्याने आले. इथे या पायरीवर बसले आणि घामाने नुसते डबडबलेले. मी पाणी दिलं. म्हटलं, अहो, लिफ्ट तर चालू आहे, मी आत्ताच भाजी घेऊन आले तिच्यातून, तुम्ही चालत कशाला? तर म्हणाले, आजी, आज लिफ्ट माझ्यावर रुसलीय. आणि तुम्हीही आज पुन्हा बसू नका तिच्यात." आजी जरा हसल्या. "तुमच्या जोडीदाराला फोन करू का म्हटलं, तर नको म्हणाले. त्याच्याकडे आज पाहुणे आहेत, सकाळी येईल, मग त्याचे कान पकडतो. कान कशाला हो? काय केलंत तुम्ही?"

"माहीत नाही," वादळ म्हणाला.

मास्तरांच्या छातीत दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला होता. जिने चढायचे नाहीत, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. तेव्हा हॉस्पिटलच्या खाटेवरून मास्तर वादळला म्हणाले होते, "बघ, आता अख्खी कंपनी माझ्या तब्येतीसाठी राबणार. एक लिफ्ट बंद पडली की मी संपलो." नर्सही हसली होती. तो माणूस चालू लिफ्ट सोडून सात मजले चालत आला. का आला? मास्तर एकाच कारणासाठी लिफ्टमध्ये बसले नसते. ते कारण वादळला कळत होतं आणि तो ते मनात येऊ देत नव्हता.

मशीनच्या खोलीचं दार त्याने उघडलं. मेन स्विच खाली केलेला. त्याला मास्तरांचं पितळी कुलूप. चिठ्ठीवर त्यांचं टपोरं अक्षर. मास्तर. कालची तारीख. वेळ, सात वाजून दहा मिनिटं. खाली एक ओळ असते, 'कारण' म्हणून. तिथे एरवी ते 'काम चालू' लिहायचे. काल लिहिलं होतं, 'जोडीदार येईपर्यंत.'

साहेब धापा टाकत आत आले आणि कटर पुढे केला. "धर. की मी तोडू?"

"आधी हाका मारायच्या, साहेब."

"काय?"

"नियम आहे. दुसऱ्याचं कुलूप तोडायचं तर आधी लिफ्टच्या विहिरीत वाकून त्याला तीन हाका मारायच्या, आत नाही ना बघायचं. मग सगळं तपासायचं. मग तोडायचं."

"अरे, पण मेलेल्या माणसाला..." साहेबांनी जीभ चावली. "खाली माणसं खोळंबलीत रे. कुणाला दाखवायचंय हे?"

वादळने ऐकलं नाही. तो सातव्या मजल्यावर उतरला, चावीने लिफ्टचं बाहेरचं दार उघडलं आणि खाली अंधारात वाकला. "मास्तर!" त्याने हाक मारली. आवाज खाली जाऊन परत आला. "मास्तर!" एखाद्या माणसाने खालून "अरे, ओरडतोस कशाला, बहिरा नाही मी" म्हणावं, एवढंच त्याला हवं होतं. अकरा वर्षांत तेच उत्तर यायचं. तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज फाटला आणि मागे उभ्या असलेल्या आजींनी तोंडाला पदर लावला. त्यांना तेव्हा कळलं.

तो वर आला आणि त्याने लोखंडी कपाट उघडलं. शोधावं लागलंच नाही. डोळ्यासमोरच होती. पिवळी वायर, दोन टोकांना नीट लावलेली, त्याच्याच हाताने. टोकांना तो देतो तसे दोन वेढे.

वादळ तिथेच भिंतीला टेकला. काल मास्तरांनी "किती?" विचारलं. त्याने मोजल्या नव्हत्या. पिशवीत बघितलंसुद्धा नव्हतं. मेहुणी, साडू, बस, हे सगळं डोक्यात होतं, आणि तोंडाने "पाच" निघून गेलं होतं. मास्तरांनी विश्वास ठेवला. पण घरी जाऊन, सवयीचा गुलाम तो माणूस, चहा पिता पिता त्यांनी पुन्हा मोजल्या. चार निघाल्या. मग पुढचा चहा कसा जाणार घशाखाली?

आणि पाचपासून सात दहापर्यंत, दोन तास, या आंधळ्या लिफ्टमधून माणसं वरखाली करत होती. आजी भाजी घेऊन आल्या होत्या. शाळेतून, खेळून पोरं आली असतील. मास्तरांनी खालूनच फोन करून कुणाला बंद करायला सांगितलं असतं तर? पण सांगणार काय, माझा जोडीदार वायर विसरला? एका तासात कंपनीत कळलं असतं आणि वादळच्या नोकरीवर गदा आली असती. म्हणून ते स्वतः चढले. चढले, स्विच पाडला, कुलूप घातलं. वायरीला हात लावला नाही. ज्याने लावली त्याने काढायची. मग उतरून घरची बस धरायला बाजाराच्या स्टॉपवर जाऊन बसले. सकाळी दोघेच वर आले असते, मास्तरांनी कान पकडले असते, वायर पिशवीत गेली असती, आणि हे जगात तिसऱ्या कुणाला कळलं नसतं.

साहेबांनी वाकून कपाटात पाहिलं. जुना माणूस, एका नजरेत सगळं समजला. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"काढ ती," मग ते म्हणाले. "खिशात घाल. मी काही पाहिलं नाही."

वादळने वायर काढली. मग त्याने कटर घेतला. कुलपाची कडी तुटताना बारीकसा आवाज झाला, एवढा मोठा माणूस गेला त्याच्या मानाने फारच बारीक. साहेबांनी फॉर्म पुढे केला. कुलूप तोडण्याचं कारण लिहायची जागा होती.

"लिही, कुलूप नजरचुकीने राहिलं, कर्मचारी हयात नाही. संपला विषय."

"नजरचुकीने? मास्तरांचं?"

"अरे बाबा, त्यांना आता काय फरक पडतो? तुला पडतो. तुझी पोरं शिकताहेत. हे वरपर्यंत गेलं तर दारात उभं करणार नाहीत तुला कुठे."

खोटं नव्हतं ते. साहेब वाईट माणूसही नव्हता. पण वादळला डोळ्यांसमोर तो कप दिसत होता. साय धरलेला. वायर खिशात गेली की त्याची चूक गेली, पण ती काही हवेत विरणार नव्हती. ती तिकडे टेबलाशी बसलेल्या बाईच्या पदरात पडणार होती. मी बोलले, म्हणून गेले. आणि इकडे कागदावर, सव्वीस वर्षांत एक स्क्रू न विसरलेला माणूस शेवटच्या दिवशी कुलूप विसरला. वा रे वा! दोघांनाही लुबाडायचं आणि आपण घरी जाऊन जेवायचं.

त्याने लिहिलं, 'पॅनेलमध्ये वायर मी विसरलो. न मोजता पाच सांगितल्या. मास्तरांनी पायी चढून लिफ्ट बंद केली म्हणून कुणाला इजा झाली नाही.' खाली आपलं खरं, पूर्ण नाव.

साहेबांनी वाचलं. "याने ते परत येतील का?"

"नाही, साहेब."

"मग?"

वादळने पेन त्यांच्या हातात परत दिलं. साहेबांनी कागदाची घडी केली आणि वरच्या खिशात ठेवली. त्याचं पुढे ते काय करणार होते, ते त्यांचं त्यांनाही माहीत नसावं. लिफ्ट सुरू झाली. एक वाजता सहाव्या मजल्यावरचे आजोबा खुर्चीवरून खाली गेले. वादळ मात्र जिन्याने उतरला. वरपासून, एक एक पायरी मोजत. अकरा वर्षांत पहिल्यांदा. एकशे चाळीस भरल्या. मास्तरांनी त्या चढताना मोजल्या असतील का? मोजल्याच असतील. कुठल्या आकड्याला छातीत दुखू लागलं असेल, हे त्याच्या मनात येत राहिलं.

मास्तरांच्या घरी आता दोनच शेजारणी होत्या. वहिनी त्याच खुर्चीत, कप त्याच जागी. वादळ समोर बसला नाही, उभाच राहिला.

"वहिनी, ते तुमच्यावर रागावून नव्हते गेले. माझ्यामुळे गेले."

मग त्याने सगळं सांगितलं. मेहुणी-साडूंपासून. आडपडदा न ठेवता, न थांबता, कारण थांबला असता तर पुन्हा बोलता आलं नसतं.

"सात मजले?" वहिनी म्हणाल्या.

"आणि वर एक जिना."

"चालत?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं ना त्यांचं? डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तुम्ही होतात ना तिथे?"

"होतो, वहिनी."

शेजारणी एकमेकींकडे बघू लागल्या. वहिनींनी कपाकडे पाहिलं. "रात्रभर मी याच्याशी भांडत होते," त्या म्हणाल्या, आणि मग, कालपासून पहिल्यांदाच, त्यांना रडू फुटलं. साधंसुधं नाही, घर हलेल असं. वादळने पुढे व्हावं की निघावं, त्याला कळेना. बऱ्याच वेळाने त्यांनी तोंड पुसलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "ताई, तो कप धुऊन टाका आता."

मग वादळकडे न बघता म्हणाल्या, "भाऊजी, आज तुमचं तोंड बघवत नाही मला. उद्याचं माहीत नाही."

"हो, वहिनी," वादळ म्हणाला. ते त्याला मान्य होतं. तो वळला. दारात पोचला तेव्हा मागून त्यांचा आवाज आला.

"थांबा. ती वायर न्यायची नाही. ती त्यांच्या पिशवीतली आहे."

तो परत आला. खिशातून पिवळी वायर काढून टेबलावर, बाकीच्या वायरींजवळ ठेवली.

"भरा पिशवी," वहिनी म्हणाल्या. "मोजून. मोठ्याने. त्यांना मोठ्याने लागायचं."

वादळने पहिली वायर गुंडाळली. "एक." पिशवीत ठेवली. "दोन." बाहेर कुणाची तरी सायकल घंटी वाजवत गेली. "तीन." चौथीला त्याला पुढचं दिसेनासं झालं, म्हणून त्याने ती चाचपून उचलली. मग आज आणलेली राहिली. तीही त्याने गुंडाळली, टोकं सरळ केली आणि बाकीच्या वायरींवर ठेवली. मग तो पिशवी बंद करायला गेला.

"किती?" वहिनींनी विचारलं.

"पाच," वादळ म्हणाला, आणि या वेळी त्या पाच होत्या.